समुपदेशक उत्तर देण्याऐवजी मलाच का विचारतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक बाई गेले अडीच-तीन महिने दर आठवड्याला समुपदेशनासाठी जात आहेत. त्यांच्या समुपदेशक प्रत्येक वेळी ‘तुम्हाला काय वाटतं?’, ‘आज कशावर बोलू या?’, ‘हे तुम्हाला जमेल का?’ असे विचारतात. डॉक्टर तपासतात, निदान करतात, औषध लिहून देतात. इथे मात्र सगळे आपणच ठरवायचे असेल तर फी कशाची द्यायची, असा त्यांचा सरळ सवाल आहे. समुपदेशक आणि क्लायंट यांनी ‘मिळून काम करायचे’ म्हणजे नेमके काय करायचे आणि त्याने खरोखर फरक पडतो का, हेही त्यांनी विचारले आहे.

सवाल रास्त आहे. तो मनात ठेवून निमूटपणे सेशनला जात राहण्यापेक्षा उघड विचारलात हे बरे झाले. तुमचे मत विचारणे हा या कामाचा गाभा आहे आणि त्याने फरक पडतो, असे मी खात्रीने म्हणेन. पण एखादी समुपदेशक फक्त विचारतच राहत असेल, स्वतःचे निरीक्षण, स्वतःचा अंदाज, स्वतःकडचे ज्ञान काहीच सांगत नसेल, तर त्याला मी सहकार्य म्हणणार नाही, आणि मग तुमची तक्रारही खरी ठरते.

डॉक्टरांशी केलेली तुलना कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, ते आधी पाहू. टायफॉइडच्या रुग्णाचे डॉक्टरांशी अजिबात पटत नसले, तरी गोळ्या वेळेवर घेतल्या की त्या आपले काम करतात. समुपदेशनात मात्र जो उपाय आहे तो क्लायंटनेच, बहुतांशी सेशनच्या बाहेर, घरी, कचेरीत, प्रवासात अमलात आणायचा असतो: टाळत आलेली गोष्ट करून पाहायची, मनात आपोआप उठणारा विचार पकडून तपासायचा, झोपण्या-उठण्याची वेळ बांधून घ्यायची, वर्षानुवर्षे न बोललेले एकदा बोलायचे. आठवड्याच्या 168 तासांपैकी समुपदेशक तुमच्यासोबत जेमतेम एक तास असते. उरलेल्या वेळात जे करायचे ते तुम्हाला पटलेले नसेल, तुमच्या घरात शक्य नसेल, किंवा कशासाठी करायचे हेच कळलेले नसेल, तर ते होणार नाही. म्हणून ‘जमेल का?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 साली या सहकार्याचे तीन घटक मांडले, आणि आमच्या क्षेत्रात आजही बहुतेक जण त्यांचीच मांडणी आधाराला घेतात. कुठे पोहोचायचे यावर एकमत, तिथे पोहोचण्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा बंध. लोक बोलताना तिसऱ्यावरच थांबतात. ‘आमच्या मॅडम फार छान ऐकून घेतात’ हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. ऐकून घेणे मोलाचे आहेच, पण ध्येय आणि काम यांवर काहीच ठरलेले नसताना नुसता जिव्हाळा असला, तर वर्षभर गप्पा होतात, मन तेवढ्यापुरते हलके होते आणि मूळ दुखणे आहे तिथेच राहते. अशी माणसे माझ्याकडे येतात. आधीच्या समुपदेशकांविषयी ती प्रेमाने बोलतात, मात्र तिथे कशावर काम चालले होते हे त्यांना सांगता येत नाही.

बोर्डिन हे लिहीत होते त्याच सुमारास फिलाडेल्फियात मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक नैराश्यावरच्या बोधनिक उपचारपद्धतीत (कॉग्निटिव्ह थेरपीत) याच सहकार्याला एक ठोस रूप देत होते. क्लायंटचा विचार चुकीचा आहे असे उपचारकाने जाहीर करायचे नाही. तो विचार म्हणजे तपासून पाहायचा एक अंदाज आहे असे दोघांनी मानायचे आणि त्याचा पडताळा प्रत्यक्ष आयुष्यात घ्यायचा. ‘मी मीटिंगमध्ये बोलले तर सगळे हसतील’ असे एखादीला वाटत असेल, तर त्यावर समजूत घालत बसण्यापेक्षा पुढच्या मीटिंगमध्ये कोणता एक प्रश्न विचारायचा, कोणाच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि हसण्याचा पुरावा कशाला म्हणायचे, हे दोघींनी आधी ठरवायचे. पडताळ्याचा निकाल काहीही लागो, हाती काहीतरी येतेच.

दोन प्रकारची जाणकारी एकत्र कशी येते हे उदाहरणाशिवाय कळणार नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. ठाण्याला राहणारे आणि दादरला नोकरी करणारे एक गृहस्थ लोकलमध्ये दोनदा जीव घाबरा झाल्यानंतर रेल्वेने जायचे सोडून बसले होते. छातीत धडधड, हातपाय गार, आता आपले काही खरे नाही अशी खात्री. हृदयाच्या तपासण्या मात्र सगळ्या व्यवस्थित. पॅनिक डिसऑर्डरचे हे नेहमीचे चित्र आहे आणि त्यावरचा उपायही ठरलेला आहे: ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जायचे. प्रत्येक पायरीला, मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे, 0 ते 100 मध्ये भीतीचा आकडा द्यायचा आणि खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. पुस्तकी क्रमाने मी यादी केली असती तर आधी फलाटावर उभे राहणे, मग दुपारच्या रिकाम्या गाडीत बसणे आणि सर्वांत शेवटी सकाळच्या गर्दीत चढणे, अशी ती झाली असती.

तशी सुरुवात करून मी कागद त्यांच्याकडे सरकवला. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, गर्दीचं काही नाही हो. गर्दीत पडलो तर कोणीतरी धरेल तरी. पण ती फास्ट असते ना, ठाणं सुटलं की एकदम घाटकोपर, तिच्यात मधे उतरताच येत नाही. आणि दुपारी डबा रिकामा असला तर आणखीनच.” मग यादी उलटी झाली. ठाण्याहून स्लो गाडीने एकच स्टेशन, मुलुंडपर्यंत, तेही सकाळी ऑफिसातल्या मित्राबरोबर: 30. त्याच स्लोने एकट्याने घाटकोपर: 50. गर्दीची फास्ट: 70. दुपारची, मोकळ्या डब्याची फास्ट, एकट्याने: 95. लोकलचा हा बारकावा माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हता.

माझी जाणकारी पुढे लागली. शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी, हातात पाण्याची बाटली आणि प्रत्येक स्टेशन गेले की पत्नीला फोन, ही त्यांची तयारी त्यांनी यादीत लिहिलीच नव्हती, कारण त्यांच्या लेखी ती साधी काळजी होती. अशी प्रत्येक सोय ‘हे जवळ होतं म्हणून वाचलो’ असेच माणसाच्या मनावर ठसवते आणि भीती जागच्या जागी राहते, हे मी त्यांना समजावले. भीती शिगेला पोहोचलेली असताना उतरून गेले तरीही हाच धडा पक्का होतो, हेही सांगितले. पाणी आणि फोन सोडायला ते तयार झाले. गोळ्यांना मात्र साफ नकार दिला. ती गोळी गरज लागल्यास घ्या म्हणून त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांनी लिहून दिलेली होती, त्यामुळे त्यांच्याशीही बोलणे झाले, आणि शेवटी पट्टी आधी खिशातून बॅगेत आणि दोन पायऱ्या पार पडल्यावर घरी, असे ठरले. त्यांचा नकार मी डावलला असता तर तोंडावर ते ‘बरं’ म्हणाले असते आणि पट्टी मोज्यात घालून नेली असती. हे गमतीने लिहीत नाही. अशा पट्ट्या मोज्यांतून, टिफिनमधून, मोबाइलच्या कव्हरमधून निघालेल्या मी पाहिल्या आहेत.

आता पुराव्याकडे वळते, कारण ‘खरोखर फरक पडतो का’ याला एकट्या समुपदेशकाचा अनुभव हे उत्तर पुरत नाही. क्रिस्टोफ फ्ल्युकिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली 295 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत 30 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. उपचारसंबंध, म्हणजे वर सांगितलेले हे सहकार्य, आणि उपचारांचा निकाल यांच्यातला सहसंबंध सुमारे 0.28 भरला. याचा अर्थ असा की कोणाला किती बरे वाटले यातल्या फरकापैकी साधारण 8 टक्के भाग या एका घटकाशी जोडता येतो. आकडा डोळे दिपवणारा नाही आणि तो तसा सांगूही नये. पण वेगवेगळ्या उपचारपद्धती, देश आणि विकार यांच्यात जवळपास सारखाच सापडणारा घटक म्हणून त्याला वजन आहे. एक सावधगिरी बाळगायला हवी: बरे वाटू लागले की माणसाचे समुपदेशकाशीही चांगले जमते, त्यामुळे यातले सगळे श्रेय सहकार्यालाच देता येणार नाही.

मला त्याहून जास्त विचार करायला लावणारा अभ्यास युटातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात मायकल लॅम्बर्ट यांच्या गटाने केलेला आणि 2005 साली प्रसिद्ध झालेला आहे. तिथल्या उपचारकांना आपल्या 550 क्लायंटपैकी कोणाची प्रकृती उपचारांअखेर आणखी बिघडलेली असेल, याचा अंदाज द्यायला सांगितले होते. त्यांनी तिघांकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात 40 जणांची बिघडली, आणि त्या तिघांपैकी अंदाज एकाच्याच बाबतीत बरोबर ठरला. ही मंडळी अडाणी किंवा बेफिकीर नव्हती. समोरच्या माणसाचे बिघडत चालले आहे हे त्याने सांगितल्याशिवाय उपचारकाला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या समुपदेशक ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे विचारतात तेव्हा त्यांना हीच माहिती हवी असते, आणि ती मिळवायला त्यांच्याकडे दुसरे कोणतेही यंत्र नाही.

काही समुपदेशक यासाठी एक छोटा कागद वापरतात. अमेरिकेत स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या या कागदावर दहा-दहा सेंटिमीटरच्या चार आडव्या रेघा असतात: आज माझे ऐकले गेले का, मला हवे त्या विषयावर बोलणे झाले का, काम करण्याची पद्धत मला मानवली का, आणि एकूण आजचे सेशन कसे वाटले. सेशन संपताना क्लायंटने प्रत्येक रेघेवर खूण करायची. मी हा कागद वापरते आणि त्यातली आपल्याकडची गंमत सांगते: पहिले काही आठवडे सगळे जण रेघेच्या अगदी उजव्या टोकाला, चाळीसपैकी चाळीस, खूण करतात. शाळेच्या पेपरसारखे. बाईंना कमी मार्क कसे द्यायचे! मग सांगावे लागते की आज छत्तीस मिळाले तरी मी विचारणार आहे की चार कुठे गेले, आणि त्या चारांतच मला रस आहे.

इथे खरी अडचण सुरू होते, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळही मला इथेच दिसते. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य आपल्याकडे आदराचे आहे. वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना, डॉक्टरांना उलट बोलायचे नाही हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. केवळ आपल्याकडेच असे घडते असेही नाही. कॅनडातील डेव्हिड रेनी यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही क्लायंट उपचारकाचा मान राखण्यासाठी, त्याला दुखवू नये म्हणून आपली नापसंती गिळतात, असे पुढे आले होते. पण आपल्याकडे त्यात वयाचे, शिक्षणाचे, कधी जातीचे आणि पैशाचे अंतरही भर घालते. म्हणून आपल्याकडचा होकार कानाला जितका गोड लागतो तितका तो तपासून घ्यावा लागतो.

मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी 1973 साली भारतीय उपचारसंबंधाला गुरू-चेल्याच्या नात्याचा नमुना सुचवला होता. भारतीय माणूस आधार मागतो, मार्गदर्शन मागतो, त्याला पाश्चात्त्य धर्तीवर लगेच ‘तुमचे तुम्ही ठरवा’ म्हणणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे आहे, असा त्यामागचा विचार. यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. पहिल्या काही भेटींत माणूस गोंधळलेला, थकलेला असतो. त्याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे दहा वेळा विचारणे निर्दयपणाचे होऊ शकते. त्या काळात समुपदेशकाने स्पष्ट बोलावे, हे दुखणे काय आहे, ते कशाने टिकून राहते, यावर काय केले जाते, हे सांगावे. पण गुरूला ‘हे मला पटत नाही’ असे म्हणण्याची सोय नसेल, तर नेकींचा नमुना माझ्या कामाचा राहत नाही, कारण त्या एका वाक्याशिवाय मी अंधारात चाचपडत असते.

महाराष्ट्रात हा धोका आणखी एका वाटेने येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी समाजात चांगली रुजली आहे, मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांनी 1990 साली ठाण्यात सुरू केलेल्या आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. पद्धत उत्तम आहे, मीही ती वापरते. मात्र तिच्यात क्लायंटच्या अविवेकी समजुतीला आव्हान द्यायचे असते, आणि नवख्या हातांत या आव्हानाचा वादविवाद होतो. समुपदेशक मुद्द्यामागून मुद्दा जिंकत जातात, क्लायंट मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात ‘पाहुणे आलेत’ असा निरोप येतो. उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण जगभर मोठे आहे. 2012 साली जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग यांनी 669 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा साधारण पाचातला एक जण असा मधेच गेलेला आढळला. गेलेला माणूस का गेला हे सहसा सांगत नाही.

न सांगितलेल्या अडचणीचे एक जवळचे उदाहरण देते. मी ज्यांच्या कामावर देखरेख करते त्यांतल्या एका तरुण समुपदेशकाने आपल्या क्लायंटला, म्हणजे नैराश्यातून सावरत असलेल्या एका गृहिणीला, रोज रात्री वहीत दिवसभराच्या भावना आणि त्यामागचे विचार लिहायला सांगितले होते. बाई प्रत्येक वेळी ‘हो, लिहिते’ म्हणत आणि प्रत्येक वेळी वही रिकामी असे. समुपदेशकाच्या टिपणात ‘प्रेरणा कमी’ अशी नोंद होती. मी त्याला एवढेच सुचवले की का लिहिले नाही हे विचारू नकोस; वही घरात कुठे ठेवतात ते विचार. उत्तर आले: दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे, कपाट एकच, आणि सासूबाई व दीर दोघांनाही वाचता येते. वही लपवायला जागाच नव्हती, आणि ‘सर एवढं मनापासून सांगतात’ म्हणून हे बोलायचा संकोच होता. मग काय करता येईल, असे विचारल्यावर मार्ग बाईंनीच काढला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दुधाचा हिशेब लिहीत असत. त्याच चौकोनात कोपऱ्यात एक टिंब म्हणजे वाईट दिवस, दोन म्हणजे बरा, तीन म्हणजे चांगला. घरातल्या कोणाला त्यात काही वावगे दिसण्याचे कारण नव्हते. पुढच्या वेळी त्यांनी कॅलेंडरचा फोटो आणला, तेव्हा तीन टिंबांचे बहुतेक दिवस बुधवारचे निघाले, आणि बुधवारी त्या बहिणीकडे जात असत. सगळे उपचार त्या बुधवारभोवती नव्याने आखले गेले.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगत’ या संस्थेने राबवलेला नैराश्यावरील उपचारांचा कार्यक्रम याच दिशेचा होता. स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले होते. सहा ते आठ भेटींत, काही वेळा रुग्णाच्या घरी जाऊन, ते रुग्णाबरोबर बसून ठरवत की कोणती सुटलेली कामे आणि आवडी पुन्हा सुरू करता येतील. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर या गटातील 64 टक्के रुग्ण नैराश्याच्या बाहेर आले होते, तर केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली वैद्यकीय सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. यश एकट्या सहकार्याचे होते असे मी म्हणणार नाही, उपचारपद्धतीही पक्की होती. पण रुग्णाच्या दिनक्रमातून उपाय काढण्यासाठी पदव्यांची भिंत लागत नाही, एवढे त्यातून दिसते.

सहकार्याची खरी कसोटी लागते ती क्लायंट कोण हेच स्पष्ट नसते तेव्हा. बावीस वर्षांच्या मुलाला आईवडील घेऊन येतात आणि म्हणतात, ‘याला जरा समजावून सांगा, इंजिनिअरिंग सोडायचं म्हणतोय.’ फी वडील देणार, ध्येय वडिलांचे, आणि बसायचे मुलाने. मुलाचे ध्येय निराळे असते, बऱ्याचदा त्याला फक्त झोप हवी असते. अशा वेळी मी पहिल्याच भेटीत तिघांसमोर सांगते की मुलाला कशावर काम करायचे आहे ते तो सांगेल, त्याने माझ्याशी बोललेले तुम्हाला कळवले जाणार नाही, आणि घरातले काय बदलायला हवे यासाठी तुम्हालाही बोलावेन. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने, जो 2018 पासून लागू झाला, उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे; इतकेच नव्हे तर पुढे कधी स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कोणते उपचार द्यावेत आणि कोणते देऊ नयेत हे आधीच लिहून ठेवण्याची आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमण्याची सोयही केली आहे. हा दस्तऐवज शांत काळात, उपचारकाशी बोलून तयार करता येतो. तरीही तो करून ठेवलेली माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

सहकार्य म्हणजे क्लायंट म्हणेल त्याला मान्यता नव्हे, हेही सांगायला हवे. मंत्रचळ (ओसीडी) असलेली व्यक्ती दर दहा मिनिटांनी ‘मला काही होणार नाही ना?’ असे विचारत असेल, तर दिलासा देत राहणे हे आजाराला खतपाणी घालणे आहे. तिथे मी नकार देते, पण हा नकार मी का देणार आहे आणि कधी देणार आहे हे आधी दोघांनी ठरवलेले असते. तीव्र उन्मादात किंवा भ्रमाच्या अवस्थेत, किंवा नशेत असलेल्या माणसाशी बरोबरीने ठरवाठरवी शक्य नसते, तेव्हा सुरक्षितता आणि औषधोपचार आधी. आत्महत्येचे विचार तीव्र असतील तर मी गोपनीयतेची मर्यादा ओलांडून घरच्यांना कळवते, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेले असते. मात्र त्याही वेळी सुरक्षिततेचा आराखडा रुग्णाच्या शब्दांतच लिहिला जातो: कोणती चिन्हे दिसली की धोका समजायचा, कोणाला फोन करायचा, घरातली कोणती वस्तू कोणाच्या ताब्यात द्यायची. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तोही त्या कागदावर लिहावा.

आता तुमच्यापुरते. अडीच-तीन महिन्यांनंतर तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे की आपण कशासाठी जातो आहोत, आपले दुखणे कशामुळे टिकून आहे असे तुमच्या समुपदेशकांना वाटते, आणि सध्या जे करत आहोत त्याने फरक पडला हे कशावरून ओळखायचे. सांगता येत असेल, तर त्यांचे प्रश्न हे कामाचाच भाग आहेत असे समजा आणि त्यांना जरा कमी सौजन्याने उत्तरे द्या. आवडले नाही ते आवडले नाही म्हणा, जमले नाही ते कुठे अडले ते सांगा. सांगता येत नसेल, तर पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच, शेवटच्या पाच मिनिटांत नव्हे, तसे बोला. वाक्य सुचत नसेल तर हे घ्या: ‘तुम्ही मला विचारता ते ठीक आहे, पण माझ्याबद्दल तुमचा अंदाज काय आहे तो मला आज ऐकायचा आहे, आणि तो चुकीचा वाटला तर मी सांगेन.’

त्यावर त्या काय करतात ते नीट पाहा. चांगली समुपदेशक याने सुखावते; क्षणभर ओशाळली तरी कागद पुढे ओढते आणि तुमच्याबरोबर लिहू लागते. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी उपचारसंबंधातल्या अशा तणावांवर बरेच काम केले आहे. क्लायंट एकतर गप्प गप्प होऊन मागे सरतो किंवा उघड नाराजी दाखवतो, आणि दोन्ही वेळा उपचारकाने बचाव न करता त्याच विषयावर बोलले तर तिथून उपचार पुढे सरकतात, असे त्यांनी दाखवले. नाराजी उघड बोलणाऱ्या क्लायंटविषयी मला कधी चिंता वाटत नाही. पहिल्या प्रकारच्या, गप्प होणाऱ्या क्लायंटविषयी वाटते, आणि तुमचे पत्र वाचून तुम्ही त्या वाटेला लागला आहात असे वाटले.

त्या रागावल्या, ‘तुमचा प्रतिकार बोलतोय’, म्हणजे बदलायला तुम्हीच तयार नाही, असे म्हणून मोकळ्या झाल्या, किंवा दोनदा विचारूनही काही हाती लागले नाही, तर बदल करायला संकोच करू नका. फक्त निरोप पाठवून नाहीशा होऊ नका. एक शेवटचे सेशन घ्या आणि आतापर्यंत काय समजले, काय करून पाहिले, कशाचा उपयोग झाला नाही, याचा पानभर सारांश मागून घ्या. तो मागण्यात काहीच गैर नाही. नव्या समुपदेशकाकडे पहिल्या दिवशी तो कागद द्या आणि कशाचा उपयोग झाला नाही तिथून बोलायला सुरुवात करा, म्हणजे तीन महिन्यांचे काम आणि दिलेली फी दोन्ही वाया जाणार नाहीत.